साच्यात मावते किती? – रेझिनचा अंदाज आणि आमचा फसलेला हिशेब



गेल्या दोन-तीन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एकच प्रश्न फिरून फिरून आला आहे. "रेझिनचे कोस्टर, कीचेन, नावाच्या पाट्या करायला शिकलो, साचेही आणले, पण रेझिन किती घ्यायचे ते काही केल्या कळत नाही. कधी कमी पडते, कधी पेलाभर उरून दगड होते." एका भगिनीने तर लिहिले आहे की, दोन ऑर्डरींनंतर तिच्या हाती नफ्याऐवजी उधारीच राहिली आणि आता घरचे म्हणतात, बंद कर हे खूळ.

हे पत्र वाचून आम्ही दोघी जावा एकमेकींकडे पाहत राहिलो, कारण हीच वेळ आमच्यावरही आली होती. म्हणून या महिन्याचे सदर पूर्णपणे याच प्रश्नाला देत आहोत. आधी आमची फजिती सांगतो, मग उपाय.

अठ्ठेचाळीस कोस्टर

आम्ही चिपळूणच्या. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी गावात शिरले, ते आमच्या कापडाच्या दुकानातही शिरले. पाणी ओसरल्यावर ठाणच्या ठाण चिखलाने भरलेले बाहेर काढले. दुकान पुन्हा उभे राहीपर्यंत घरात काहीतरी चार पैसे यावेत म्हणून आम्ही दोघींनी रेझिनचे काम शिकायला घेतले. थोरलीने भाचीकडून धडे घेतले, धाकटीने साचे मागवले. सुरुवातीला पाच-दहा कीचेन, दोन ट्रे, असे करत करत ओळखीतून लग्नाची पहिली मोठी ऑर्डर मिळाली. चार-चार कोस्टरचे बारा संच, म्हणजे अठ्ठेचाळीस नग. आत गुलाबाच्या वाळवलेल्या पाकळ्या, बाकी सगळे काचेसारखे पारदर्शक. संचाला सहाशे रुपये ठरले. त्यातले पैसे थोरलीच्या मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी बाजूला ठेवायचे, हेही ठरले.

आता रेझिन किती आणायचे? साचा हातात घेऊन आम्ही म्हणालो, "एवढ्याशा चकतीला पन्नास ग्रॅम पुरे." पन्नास गुणिले अठ्ठेचाळीस म्हणजे चोवीसशे ग्रॅम. वर शंभर ग्रॅम जास्तीचे धरून हार्डनरसकट अडीच किलो माल आणला आणि मोठ्या समाधानाने कामाला लागलो.

साचे आठ होते. एका दिवशी आठ नग ओतायचे, दुसऱ्या दिवशी काढायचे. चार दिवसांत बत्तीस झाले. पाचव्या दिवशी दोन साचे भरले, तिसरा अर्धा भरला आणि पेला रिकामा. बाटल्या उलट्या करून ठेवल्या, तरी थेंब थेंबच. त्याच मेकचा माल गावात शिल्लक नव्हता. दुसऱ्याच मेकचा मागवला, तो चार दिवसांनी आला. उरलेले तेरा नग त्यात केले आणि अर्धा राहिलेला वरून भरला.

उजेडात सगळे एकत्र मांडले तेव्हा आमचे चेहरे उतरले. पहिले चौतीस पाण्यासारखे स्वच्छ, नंतरचे तेरा किंचित पिवळसर. वेगवेगळे पाहिले तर कुणाच्या लक्षात आले नसते. शेजारी ठेवले की लगेच दिसे. आणि अर्धवट राहिलेल्याच्या मधोमध दोन थरांची रेघ. लग्नघरच्या मंडळींनी आठ संच ठेवून घेतले, चार परत केले. त्यांचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. आम्ही असतो तर आम्हीही परतच केले असते. पण दोन हजार चारशे रुपये गेले आणि फीची तारीख काही पुढे गेली नाही.

त्यापुढची चूक उलट्या दिशेची. पुढच्या ऑर्डरला "आता कमी पडायला नको" म्हणून जवळजवळ किलोभर रेझिन एकाच उंच प्लॅस्टिकच्या डब्यात कालवले. मे महिन्याचा उकाडा. तिसराच साचा भरत होतो, तेवढ्यात डबा हाताला चटका देऊ लागला, आतून धूर निघाला आणि पाहता पाहता सगळे आतल्या आत घट्ट झाले. डबा वाकडा झाला तो झाला. किलोभर माल कचऱ्यात.

त्या संध्याकाळी आमच्या फुफी घरी आल्या होत्या. आयुष्यभर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "पोरींनो, त्या साच्यात पाणी किती मावतं, ते कधी मोजलंत का?"

आम्ही गप्प.

"भात शिजवताना तांदूळ मोजता, पाणी मोजता. इथं किलोनं पैसे ओतता आणि नुसतं डोळ्यानं बघता?"

फुफींनी तिथल्या तिथे स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा मागवला.

पाण्याची पद्धत

काट्यावर एक लहान सपाट फळी ठेवली, तिच्यावर कोरडा साचा. बटण दाबून काटा शून्यावर आणला. मग साच्यात हळूहळू पाणी ओतले, जिथवर रेझिन भरायचे तिथवर. काट्याने आकडा दाखवला : ६३. एक ग्रॅम पाणी म्हणजे एक मिलिलिटर. तेव्हा साच्याची पोकळी ६३ मिली. आम्ही धरले होते पन्नास!

पण गोष्ट इथे संपत नाही. रेझिन पाण्याहून जड असते. बहुतेक एपॉक्सी रेझिनचे हार्डनरसह मिश्रण एका मिलिलिटरला १.०५ ते १.१५ ग्रॅम भरते. बाटलीवर किंवा सोबतच्या कागदावर घनता दिलेली असेल तर तीच घ्यावी. नसेल तर १.१ धरून चालावे. म्हणून ६३ गुणिले १.१ बरोबर ६९ ग्रॅम. एका कोस्टरला ६९ ग्रॅम, पन्नास नव्हे. आणि पेल्याला, काडीला चिकटून राहते ते वेगळेच.

पाण्याने मोजताना आम्ही काही गोष्टी अनुभवाने शिकलो, त्या सांगतो.

साचा मऊ असतो. तो हातात धरून भरला तर पोटासारखा फुगतो आणि आकडा चुकतो. तो नेहमी सपाट, पातळीत असलेल्या फळीवर ठेवावा. पुढे रेझिन ओततानाही त्याच फळीवर ठेवावा, म्हणजे उचलताना सांडत नाही.

पाणी काठाच्या वर फुगून उभे राहते. त्या फुगवट्यापर्यंत मोजले तर आकडा जास्त येतो. पाणी काठाशी सपाट दिसेल तिथे थांबावे.

अक्षरांच्या किंवा नक्षीच्या साच्यात कोपऱ्यांत हवा अडकते. लहान ब्रशने ते कोपरे हलवून बुडबुडे बाहेर काढावेत, नाहीतर माप कमी येते.

आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे मोजून झाल्यावर साचा पूर्ण कोरडा करावा. आम्ही कापडाने टिपून, पालथा घालून, रात्रभर पंख्याखाली ठेवतो. ज्या दिवशी मोजले त्या दिवशी ओतत नाही. पाण्याचा थेंब राहिला तर एपॉक्सी तिथे दुधाळ होते; पॉलियुरेथेन रेझिन असेल तर फेसाळते. कोकणातल्या पावसाळ्यात तर हवेतच पाणी असते, तेव्हा घाई नकोच.

मोजणे एकदाच करायचे आहे. साच्याच्या पाठीवर पक्क्या शाईच्या पेनाने क्रमांक घालावा आणि वहीत लिहावे : साचा क्रमांक ४, गोल कोस्टर, ६३ मिली, ६९ ग्रॅम. आमच्या त्या वहीत आज आमच्याकडच्या प्रत्येक साच्याची नोंद आहे. आता ऑर्डर आली की साच्याकडे पाहून अंदाज बांधत नाही, वही उघडतो.

साचा ओला करायचा नसेल तर

उद्याच माल द्यायचा आहे, साचा वाळायला वेळ नाही, अशा वेळी कोरडा तांदूळ कामी येतो. साचा तांदळाने काठोकाठ भरावा, वरून पट्टीने सपाट करावा आणि ते तांदूळ मापाच्या पेल्यात ओतून किती मिलीच्या रेघेपर्यंत आले ते पाहावे. इथे एक चूक हमखास होते. तांदळाचे वजन करायचे नाही. दाण्यांच्या मधे हवा असते, त्यामुळे वजनावरून काही कळणार नाही. पेल्यातल्या रेघेचाच आकडा घ्यायचा. रुंद, साध्या आकाराच्या साच्याला ही पद्धत ठीक आहे. बारीक नक्षीत तांदूळ शिरत नाही, तिथे पाणीच बरे. आणि रेझिनच्या साच्यात घातलेले तांदूळ पुन्हा डब्यात टाकू नयेत.

साचा सरळ आकाराचा असेल तर पट्टी आणि पेन्सिल पुरते. सगळी मापे सेंटिमीटरमध्ये आणि आतल्या बाजूने घ्यावीत, सिलिकॉनची जाडी धरू नये.

चौकोनी ट्रे : लांबी × रुंदी × भरायची खोली. ३० सेंमी लांब, २० सेंमी रुंद, १ सेंमी खोल ट्रेला ६०० मिली, म्हणजे ६६० ग्रॅम.

गोल चकती : व्यास × व्यास × ०.७८५ × खोली. आमचा कोस्टर १० सेंमी व्यासाचा आणि ८ मिलिमीटर, म्हणजे ०.८ सेंमी खोल. १० × १० × ०.७८५ × ०.८ बरोबर ६२.८. पाण्याने ६३ दाखवले होते! फुफींनी हे गणित करून दाखवले तेव्हा आम्हाला शाळेतले भूमितीचे तास आठवले. तेव्हा वाटायचे, याचा संसारात काय उपयोग?

अर्धगोल, पेपरवेटसाठी : त्रिज्या तीनदा गुणावी आणि त्याला २.०९ ने गुणावे. ६ सेंमी व्यासाच्या अर्धगोलाची त्रिज्या ३. तीनदा गुणून २७. त्याचे साधारण ५६ मिली, म्हणजे ६२ ग्रॅम.

सुळका किंवा पिरॅमिड : तळाचे क्षेत्रफळ × उंची, भागिले ३.

साच्याचे तोंड रुंद आणि तळ अरुंद असेल तर दोन्हींच्या मधले माप घ्यावे. तरीही शंका राहिली तर पाणी आहेच.

वाया जाणारे किती धरावे?

आम्ही रिकामा पेला ओतण्याआधी आणि ओतून झाल्यावर वजन करून पाहिला. पाव किलोहून थोडे अधिक कालवले तेव्हा पेल्यात आणि काडीवर बारा ते पंधरा ग्रॅम राहिले, म्हणजे शेकडा पाचच्या आसपास. पण एका कीचेनपुरते तीस ग्रॅम कालवले तेव्हाही पाच ग्रॅम राहिलेच. म्हणजे सहावा हिस्सा गेला. तेव्हापासून आमचा नियम असा : मोठ्या मापाला शेकडा पाच जास्त; पन्नास ग्रॅमच्या आतल्या मापाला सरळ पाच ग्रॅम जास्त. सिलिकॉनचा पेला वापरला तर उरलेले दुसऱ्या दिवशी सोलून निघते आणि पेला पुन्हा वापरता येतो.

आत जाड वस्तू बसवायची असेल, म्हणजे शिंपले, लाकडाचा तुकडा, सुकी फळे, तर ती जागा अडवते. अशी वस्तू साच्यात ठेवून वरून पाणी घालून मोजले तर नेमके लागणारे रेझिन कळते. भिजून चालणार नाही अशी वस्तू असेल तर तिची मापे घेऊन ढोबळमानाने वजा करावी. वाळलेल्या पाकळ्या मात्र जागा फारशी घेत नाहीत, त्यांच्यासाठी काही वजा करू नये.

मग रेझिन किती आणि हार्डनर किती?

इथे पुष्कळ भगिनी घोटाळा करतात. आमच्या बाटलीवर दोन मापे लिहिलेली आहेत : घनमानाने, म्हणजे पेल्यातल्या रेघेने मोजाल तर २ भाग रेझिनला १ भाग हार्डनर, काट्यावर तोलाल तर १०० ला ४५. दोन्ही एकच आहे, कारण हार्डनर रेझिनहून हलके असते. पण कुणी २ ला १ हे प्रमाण काट्यावर तोलले तर हार्डनर जास्त पडते आणि नग चिकट किंवा मऊ राहतो. तेव्हा बाटलीवरचे प्रमाण वजनाचे आहे की घनमानाचे, हे आधी वाचावे. प्रत्येक मेकचे प्रमाण वेगळे असते. आमचे प्रमाण तुमच्या बाटलीला लावू नये. लवकर सुकावे म्हणून एपॉक्सीत हार्डनर वाढवणे हाही गैरसमज आहे. त्याने लवकर सुकत नाही, नग बिघडतो.

आता आमच्या आठ साच्यांचा हिशेब करू. आठ गुणिले ६९ बरोबर ५५२ ग्रॅम. शेकडा पाच जास्त धरून ५८०. प्रमाण १००:४५, म्हणजे एकूण १४५ भाग. ५८० भागिले १४५ बरोबर ४. तेव्हा रेझिन ४ × १०० म्हणजे ४०० ग्रॅम आणि हार्डनर ४ × ४५ म्हणजे १८० ग्रॅम. कोणतेही प्रमाण असो, रीत हीच : दोन्ही भागांची बेरीज करा, एकूण वजनाला तिने भागा, आलेल्या आकड्याने दोन्ही भाग गुणा.

हे ५८० ग्रॅम आम्ही एका पेल्यात कालवत नाही. दोन पेल्यांत, प्रत्येकी २०० आणि ९०. पहिला पेला साच्यांत ओतून झाल्यावरच दुसरा कालवतो. कारण तोच, धूर निघालेला डबा. रेझिन आणि हार्डनर एकत्र आले की आपोआप गरम होतात. पसरट साच्यात ती उष्णता निघून जाते. उंच डब्यात एकत्र साचते, त्या उष्णतेने प्रक्रिया आणखी जोर धरते आणि हाताबाहेर जाते. उन्हाळ्यात तर वेळ आणखी कमी मिळतो. एका वेळी किती कालवावे आणि एका थरात किती जाड ओतावे, याची मर्यादा मालासोबतच्या कागदावर असते. साचा त्याहून खोल असेल तर एकूण माप काढून ते थरांत वाटून घ्यावे, आणि पुढचा थर कधी ओतायचा तेही त्याच कागदावर पाहावे.

काट्याविषयीही एक गोष्ट. स्वयंपाकघरातला काटा एका ग्रॅमने मोजतो. २० ग्रॅमच्या कीचेनला वरच्या प्रमाणात हार्डनर लागते साधारण ६ ग्रॅम. त्यात अर्ध्या ग्रॅमचा फरक पडला तरी शेकडा आठची चूक झाली. छोट्या कामाला ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा लहान काटा घ्यावा. तो नसेल तर चार-पाच कीचेन एकदम करावेत.

स्वतःचा साचा करायचा असेल तर

काही भगिनी बाजारात न मिळणाऱ्या आकाराचा साचा स्वतः करतात. तिथेही पाणीच मदतीला येते. वस्तू न गळणाऱ्या डब्यात ठेवावी, सगळ्या बाजूंनी साधारण एक सेंटिमीटर जागा सोडावी आणि वस्तूच्या वर एक सेंटिमीटर येईल इतके पाणी ओतावे. ते पाणी मोजले की तेवढेच मिली सिलिकॉन लागेल. वस्तू तरंगत असेल तर तळाला चिकटवून घ्यावी. लाकडी किंवा मातीची वस्तू ओली करायची नसेल तर डब्याच्या मापातून वस्तूचे माप वजा करावे.

उदाहरण घेऊ. डबा १२ × १२ सेंमी, सिलिकॉन भरायचे ५ सेंमी उंच. म्हणजे ७२० मिली. वस्तूने १५० मिली जागा घेतली. उरले ५७०. सिलिकॉनची घनता कागदावर १.१५ असेल तर साधारण ६५५ ग्रॅम. सिलिकॉन दाट असल्याने भांड्याला जास्त चिकटते, म्हणून शेकडा दहा वाढवून सव्वासातशे ग्रॅम धरावे. सिलिकॉन महाग असते. इथे डबा जितका वस्तूच्या मापाचा, तितकी बचत. थोरलीने पहिला साचा लाडवाच्या मोठ्या डब्यात केला होता, त्याच्या अर्ध्या सिलिकॉनला काहीच काम नव्हते.

अंदाज चुकला की किंमतही चुकते

आता ज्यासाठी हे सगळे लिहिले ते सांगतो. आमचे नुकसान फक्त त्या परत आलेल्या चार संचांचे नव्हते. फुफींनी वही पुढे ओढून दुसरे नुकसान दाखवले, जे आम्हाला दिसलेच नव्हते.

रेझिन-हार्डनर मिळून किलोला नऊशे रुपये पडले असे धरा. आम्ही कोस्टरला ५० ग्रॅम धरले होते, म्हणजे ४५ रुपयांचा माल, संचाला १८०. प्रत्यक्षात वाया जाणारे धरून एका कोस्टरला ७२ ग्रॅमच्या वर लागले, म्हणजे ६५ रुपये, संचाला २६०. प्रत्येक संचामागे ऐंशी रुपये आमच्या हिशेबात नव्हतेच. बारा संचांचे नऊशे साठ. सगळे नग पसंत पडले असते, तरी हे पैसे गेलेच असते आणि आम्हाला कळलेही नसते. म्हटले असते, "मेहनत एवढी करतो, पण हातात काही उरत नाही."

ज्या भगिनीने उधारीचे लिहिले आहे, तिला आमचे सांगणे हेच की, हे काम बंद करण्याआधी एकदा साचे मोजून पाहावेत. काम तोट्याचे आहे की माप चुकते आहे, हे एका संध्याकाळी कळेल. मोजल्यावरही परवडत नसेल तर दर वाढवावा. आणि त्या दराला गिऱ्हाईक नसेल तर ते काम खुशाल सोडावे. त्यात कमीपणा नाही. पण आकडा न पाहता सोडू नये.

माल आणताना संपूर्ण ऑर्डरचा एकदम आणावा, एकाच मेकचा, शक्य तर एकाच लॉटचा. आणि शेवटचा नग होईपर्यंत बाटलीत थोडे शिल्लक राहील असे पाहावे. कमी पडलेले रेझिन आख्खा नग बिघडवते. उरलेले रेझिन मात्र कामी येते. आम्ही ओतायला बसताना शेजारी दोन-तीन कीचेनचे छोटे साचे कोरडे करून ठेवतोच. पेल्यात उरले की त्यांत जाते. गेल्या ईदला मुलांना ईदीसोबत द्यायला असेच सतरा कीचेन जमले होते.

घर सांभाळून

हे काम बहुतेक जणी घरातच करतात, म्हणून चार शब्द काळजीचे. ज्या पेल्यात, ज्या चमच्याने रेझिन हाताळले ते पुन्हा स्वयंपाकात आणू नये. रेझिन ओतलेल्या साच्यात जेली, चॉकलेट, बर्फ काही लावू नये. वजनकाटा वेगळा ठेवणे उत्तम. तोवर काट्यावर प्लॅस्टिकचा कागद घालावा. हातात नायट्रिलचे मोजे, खिडक्या उघड्या, आणि काम रोजचे असेल तर रसायनांच्या वाफेसाठी असतो तसा फिल्टरचा मास्क; साधा कापडी मास्क वाफ अडवत नाही. ओले रेझिन कातडीला वारंवार लागले तर ॲलर्जी होते आणि एकदा झाली की ती सहसा जात नाही. हाताला लागले तर साबणाने धुवावे, थिनर लावू नये. उरलेले ओले रेझिन मोरीत ओतू नये. पसरट करून घट्ट होऊ द्यावे, मग कचऱ्यात टाकावे. लहान मुले घरात असतील तर भरलेले साचे त्यांच्या हाती लागणार नाहीत अशा ठिकाणी ठेवावेत.

थोरलीच्या मुलीची फी त्या वेळी फुफींनी भरली. परत द्यायला गेलो तेव्हा पैसे घेतले, पण म्हणाल्या, "आधी वही दाखवा." वही पाहिली, दोन बेरजा पुन्हा करून पाहिल्या, मगच नोटा पर्समध्ये ठेवल्या. आता ती मुलगीच वही सांभाळते. परवा एका ट्रेला धाकटीने सवयीने सातशे ग्रॅम म्हटले, तर आतून आवाज आला, "चाची, काठाला उतार आहे, सहाशे तीस."

तुमच्याकडे एखादा अवघड आकाराचा साचा असेल, ज्याचे माप जमत नसेल, तर त्याची आतली मापे किंवा साधे रेखाचित्र आम्हाला जरूर पाठवा. जमेल तेवढ्यांची उत्तरे या सदरात देऊ. पुढच्या महिन्यात, इन्शाअल्लाह, नगावर येणारे बुडबुडे आणि पावसाळ्यात येणारा पांढरेपणा, यांविषयी लिहू.